चंदीहून सुटलेले कागद

खुटबाव स्टेशनात मद्रासची गाडी थांबत नाही. थांबते ती पुणे-दौंड शटल. तिला आता डेमू म्हणतात, पण फलाटावरची म्हातारी माणसं अजून शटलच म्हणतात. शटलच्या आधी एखादी लांब पल्ल्याची एक्स्प्रेस धूळ, कागदाचे कपटे आणि गुऱ्हाळाचा वास एकत्र घुसळत निघून जाते. डब्यावरची ‘चेन्नई’ ही पाटी वाचून होईपर्यंत ती केडगावच्या अंगाला पोचलेली असते.

संपादकांचा फोन आला तेव्हा मी याच फलाटावर होतो. अंकाचा विषय ‘परमुलूख’. म्हणाले, “ऐन लढाईत देश हातचा गेला आणि सरकार परक्या मुलखात बसून चालवावं लागलं, अशा एखाद्या कारभाऱ्यावर लिहा. लंडनला होती ना तसली सरकारं?”

होती. दुसऱ्या महायुद्धात पोलंड, नॉर्वे, हॉलंड यांची सरकारं लंडनला बिऱ्हाड करून होती. त्यातल्या पोलंडची जवळपास पाच हजार निर्वासित माणसं १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरशेजारी, वळिवड्याच्या छावणीत राहून गेली. आणि २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापुरात सुभाषबाबूंनी आझाद हिंदचं हंगामी सरकार जाहीर केलं, त्याच्या मंत्रिमंडळात जगन्नाथराव भोसले हे सावंतवाडीकडचे लष्करी अधिकारी होते. एवढं सगळं मी फोनवर बोललो. तेवढ्यात चेन्नईची गाडी धडधडत गेली. बाकड्यावर शेजारी बसलेले आबा गाडीकडे न बघताच म्हणाले, “मद्रासची हाय. ती हितं कशाला थांबतीय?”

मला जिंजी आठवली. सिंगापूर आणि लंडनच्या अडीचशे वर्षं आधी मराठ्यांचं आख्खं सरकार त्याच दिशेला गेलं होतं, आणि ज्या पातशहापासून ते जीव वाचवत होतं त्याची छावणी आमच्याच नदीकाठी पडली होती.

वर तुळापूर, खाली पेडगाव

खुटबावहून उत्तरेला राहू-पारगावच्या रस्त्याला लागलं की उसाच्या रानांतून भीमा लागते. नदीच्या वरच्या अंगाला तुळापूर, खालच्या अंगाला, दौंडच्या पलीकडे, पेडगावचा बहादूरगड. मध्ये आमची गावं. शाळेत इतिहास शिकताना हे नकाशावर कुणी दाखवलं नाही. मोटारसायकलवर एका दिवसात दोन्ही ठिकाणं केली तेव्हा उमगलं.

संभाजी महाराजांना संगमेश्वरी धरल्यावर फेब्रुवारी १६८९ मध्ये आणलं ते बहादूरगडात. तिथून पुढे भीमेच्याच काठाने तुळापूर-वढूच्या परिसरात, आणि ११ मार्च १६८९ रोजी त्यांचा वध झाला. त्यानंतरही औरंगजेब लगेच हलला नाही. तुळापूर-कोरेगावच्या बाजूला त्याचा तळ पुढचे काही महिने होता. बादशाही तळ म्हणजे चार तंबू नव्हेत. ते चालतं शहर. हत्ती, उंट, बैल, बाजारबुणगे, त्यांची वैरण, त्यांचं सरपण. गावाच्या दृष्टीने बघायचं तर नदीकाठी असं शहर येऊन बसलं की कडबा जातो, झाडं जातात, आणि मग माणसं जातात. जुन्या कागदांत अशा गावाला ‘बेचिराग’ म्हणतात. दिवा लावायला माणूस नाही, असं गाव.

याच तळावर संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाणांनी रात्री छापा घालून बादशहाच्या डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून नेल्याची गोष्ट बखरींनी सांगितली आहे. पोरं ती आजही छाती फुगवून सांगतात. माझं लक्ष मात्र त्या रात्रीनंतरच्या सकाळकडे जातं. कळस गेले तरी तळ होताच. आणि ज्यांच्या नावाने हे कळस कापले, ते राजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. पुढे तिथेही राहण्याची सोय उरली नाही.

जुनी उणीदुणी आणि एक वाट

हे राजे म्हणजे संभाजी महाराजांचे धाकटे भाऊ राजाराम महाराज, तेव्हा एकोणीस वर्षांचे. फेब्रुवारी १६८९ मध्ये रायगडावर त्यांचं मंचकारोहण झालं आणि ५ एप्रिलला त्यांनी रायगड सोडला. संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई आणि मुलगा छोटे शाहू गडावरच राहिले. नोव्हेंबरात रायगड पडला, दोघं मोगलांच्या कैदेत गेली. सगळे एकाच किल्ल्यावर सापडू नयेत, हा त्या वेळचा सगळ्यात मोठा राजकीय निर्णय, आणि तो येसूबाईंचा. पोराला आणि स्वतःला मागे ठेवून दिराला बाहेर काढणाऱ्या या बाईवर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा.

सप्टेंबरअखेर पन्हाळ्याहून एक छोटी टोळी निघाली. यात्रेकरूंचे वेश, थोडी माणसं, रात्रीची चाल. या टोळीत कोण होतं हे बघण्यासारखं आहे. प्रल्हाद निराजी होते. शिवाजी महाराजांच्या न्यायाधीशाचा, निराजी रावजींचा हा मुलगा. स्वतः गोवळकोंड्याच्या दरबारात मराठ्यांचा वकील म्हणून मुरलेला. १६८० मध्ये शिवाजी महाराज गेल्यावर दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवायच्या खटपटीत जे कारभारी होते त्यांत हेही; त्यापायी संभाजी महाराजांच्या कैदेत पडले, नंतर पुन्हा कामावर आले. दुसरे खंडो बल्लाळ चिटणीस. त्यांच्या वडिलांना, बाळाजी आवजींना, १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्याच हुकमाने मृत्युदंड झाला होता.

म्हणजे बघा, ज्या घराण्याने एकाला कैद केलं आणि दुसऱ्याच्या बापाला मारलं, त्याच घराण्याचा शेवटचा मोकळा वारस ही माणसं जिवावर उदार होऊन घेऊन चालली होती. आपल्याकडे पुतळ्यांच्या इतिहासात अशी उणीदुणी पुसून टाकतात. मला ती ठेवावीशी वाटतात. त्यांच्याशिवाय या माणसांचं मोल कळत नाही.

वाट बिदनूरच्या मुलखातून गेली. केळदीच्या राणी चन्नम्मांनी औरंगजेबाचा रोष पत्करून वाट दिली. तुंगभद्रेच्या परिसरात मोगलांनी गाठलं, टोळीतली बरीच माणसं धरली गेली, महाराज निसटले. बंगळुरात संशय आला तेव्हा महाराजांना पुढे काढून खंडो बल्लाळ आणि काही जण मागे थांबले आणि मार खाऊनही बोलले नाहीत, असं बखर सांगते. ती बखर लिहिणारे मल्हार रामराव चिटणीस त्याच घराण्यातले, तेव्हा थोडं मीठ बाजूला ठेवून वाचावं. पण मीठ काढूनही भाकरी उरतेच. पुढे वेलोर, आणि नोव्हेंबर १६८९ मध्ये जिंजी. आपल्या कागदांत तिचं नाव ‘चंदी’.

राजगिरीच्या पायऱ्या

चेन्नईहून बसने तिंडीवनम्, तिथून तिरुवन्नामलैच्या रस्त्याला जिंजी. तिथली माणसं ‘सेंजी’ म्हणतात. सह्याद्रीचे किल्ले पाहिलेल्या डोळ्याला पहिला धक्का दगडांचा बसतो. कडा नाही, कातळ सलग नाही. कुणी राक्षसाने बटाट्यांची पोती रिकामी करावीत तसे तांबूस धोंड्यांचे ढीग. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या आणि त्या तिघींना कवेत घेणारा तट. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा ठरले. त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा हा एकटा.

रिक्षावाल्याला राजाराम ठाऊक नव्हते. त्याने सांगितला देसिंग राजा. हा आपल्या नंतरचा. १७१४ मध्ये अर्काटच्या नवाबाशी लढताना पडला आणि तमिळ लोककथेत अमर झाला. मला वाईट वाटलं नाही. पाहुण्याची आठवण यजमानाने किती दिवस ठेवावी?

राजगिरीची चढण घाम काढते. माथ्याच्या अलीकडे कडा मुख्य डोंगरापासून तुटलेला आहे, खाली खोल घळ, वर अरुंद पूल. पूल काढून घेतला की वर कुणी येऊ शकत नाही. माथ्यावर उभं राहिलं की खाली मोठी कोठारं, कल्याण महालाचा मजल्यावर मजला चढलेला मनोरा आणि पलीकडे सपाट भातखाचरं दिसतात. त्याच सपाटीवर मोगल सरदार झुल्फिकारखानाने सप्टेंबर १६९० मध्ये वेढा घातला. तो उठत-बसत सात वर्षांहून अधिक चालला.

मुळात हा किल्ला हाती होता तो शिवाजी महाराजांच्या १६७७ च्या दक्षिण दिग्विजयामुळे. इथला कारभार त्यांचे जावई हरजीराजे महाडिक बघत. राजाराम महाराज येण्याच्या थोडं आधी हरजीराजे वारले. त्यांच्या पत्नी अंबिकाबाई, म्हणजे राजारामांची सावत्र बहीण. किल्ला सुरुवातीला सहज मोकळा झाला नाही, मग झाला. त्यामुळे ‘परागंदा सरकार’ म्हणताना थोडं जपून म्हणायला हवं. मुलूख आपलाच जिंकलेला होता. पण भाषा परकी, रयत परकी, आणि घर हजार किलोमीटर मागे, शत्रूच्या हातात.

इथे प्रल्हादपंतांनी पहिली गोष्ट केली ती दरबार मांडण्याची. अष्टप्रधान पुन्हा नेमले. पेशवे निळो मोरेश्वर पिंगळे. आणि प्रधानांच्याही वर एक नवं पद निघालं, ‘प्रतिनिधी’. ते प्रल्हादपंतांना मिळालं. तिकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब देऊन जवळजवळ राजाचेच अधिकार सोपवले गेले. त्यांच्या जोडीला शंकराजी नारायण, परशुराम त्र्यंबक. वरवर हा मानपानाचा हौसेचा मामला वाटतो. राज्य नाही आणि पदं कसली वाटताय! पण परमुलखातल्या सरकारची पहिली गरज हीच असते. लोकांना कळावं लागतं की अर्ज कुणाकडे करायचा आणि शिक्का कुणाचा चालतो. लंडनमधली सरकारंही आधी मंत्रिमंडळ जाहीर करत आणि मग टेबलखुर्च्या शोधत.

याच वेढ्याच्या काळात, राजारामांच्या सांगण्यावरून, कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांची बखर लिहिली. आपल्याला माहीत असलेलं शिवचरित्र रायगडावर नव्हे, तमिळ मुलखात लिहिलं गेलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. घर गेलं की माणूस घराची गोष्ट लिहायला बसतो.

हाती नसलेल्या मुलखाची सनद

आता मुख्य गोष्टीवर येतो. या सरकारकडे खजिना नव्हता. फौज होती, पण पगार नव्हता. मग संताजी-धनाजींच्या मागे हजारो घोडी धावली कशावर? उत्तर एका शब्दाचं आहे: कागद.

औरंगजेब मराठे देशमुख-पाटलांना वतनं देऊन फोडत होता. वतन म्हणजे वंशपरंपरेचा हक्क. गावच्या उत्पन्नात वाटा, मान, पानसुपारी, होळीच्या पोळीचा पहिला मान. त्यासाठी भाऊ भावाचा गळा कापत असे. शिवाजी महाराजांनी लष्करी चाकरीला रोख पगार देण्याची रीत ठेवली होती, नवी वतनं-जहागिरी देण्याला आवर घातला होता. जिंजीच्या सरकारला ते परवडणारं नव्हतं. बादशहा वतन देतोय ना, मग आम्हीही देतो. फरक एवढाच की बादशहा हातातलं देत होता आणि हे सरकार हातात नसलेलं. तुम्ही शत्रूकडून मुलूख सोडवा, तो तुमचाच, ही सनद.

याचा कळस म्हणजे जून १६९१ चा हणमंतराव आणि कृष्णाजी घोरपड्यांना दिलेला करार. सहा लाख होनांची सरंजामी, पण टप्प्याटप्प्याने. रायगड घेतला की काही, विजापूर घेतलं की काही, भागानगर, औरंगाबाद, आणि उरलेली निम्मी दिल्ली घेतल्यावर. लिहिणाऱ्या कारकुनाचा हात थरथरला असेल का? तटाखाली पातशाही तोफा, धान्याचा हिशेब दाण्या-दाण्यावर, आणि कागदावर दिल्ली. याला वेडेपणा म्हणता येईल. मला यात गोवळकोंड्यात मुरलेला वकील दिसतो. भूक लागलेल्या माणसाला शिधा देता येत नसेल, तर त्याला वाटा द्यावा, म्हणजे तो धन्यासाठी नाही, स्वतःसाठी लढतो.

तिकडे रामचंद्रपंत दुसऱ्या तऱ्हेचे कागद सोडत होते. परागंदा झालेल्या रयतेला ‘कौल’: परत या, जमिनी वाहा, पहिल्या वर्षी धारा नावापुरता, मग वर्षागणिक थोडा थोडा चढता. या चढत्या धाऱ्याला ‘इस्तावा’ म्हणत. उसाच्या खोडव्याला पाणी धरताना मला ही व्यवस्था नीट कळते. पडीक रानाला पहिल्याच वर्षी पूर्ण शेतसारा मागितला तर कोण नांगर धरेल? भीमेकाठच्या गावांची अडचण अशी की सारा मागायला दोघंही येत. मोगलांचा आमील येई, मराठ्यांचा माणूसही येई. गावचा पाटील दोघांचे कागद दोन बासनांत जपून ठेवी. शहाणपण त्यालाच म्हणायचं.

या कागदी राज्याची खोटही लगेच दिसू लागली. चंदीहून एकाला सनद सुटायची, तेच वतन पन्हाळ्याकडून दुसऱ्याला दिलेलं असायचं. जासूद पोचेपर्यंत सगळी परिस्थितीच पालटलेली. वर्षानुवर्षं चाललेले वतनांचे तंटे या काळात पेरले गेले. पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंतांच्या नावावरचं ‘आज्ञापत्र’ तयार झालं. त्यात वतनदारांविषयी कडक इशारा आहे: ही माणसं म्हणजे राज्याचे वाटेकरीच, नवी वृत्ती-इनामं देताना हात आवरा. ज्या हाताने संकटात सनदांवर मोर्तब केलं, त्याच हाताने उतारवयात हे लिहिलं. स्वतः पंत मात्र बावड्याचे जहागीरदार झाले, हेही लिहून ठेवतो.

गोळा पडेल तिथवर

चंदीच्या सरकारने रोख पैसा कुठून आणला, याचा एक नमुना समुद्रकाठी, कडलूरजवळ देवनामपट्टणमला आहे. १६९० मध्ये मद्रासच्या इंग्रजांनी, त्यांचा गव्हर्नर तेव्हा एलिहू येल, तिथला किल्ला राजारामांच्या सरकारकडून विकत घेतला. हद्द ठरली ती अशी: किल्ल्यावरून तोफ डागायची, गोळा पडेल तिथवरची गावं किल्ल्याबरोबर. त्या गावांना पुढेही ‘गोळ्याची गावं’ म्हणत. इंग्रजांनी त्या किल्ल्याला फोर्ट सेंट डेव्हिड नाव दिलं. येलच्या नावाचं विद्यापीठ अमेरिकेत आहे, तिथे आपली मुलं कर्ज काढून जातात. असो.

प्रल्हादपंत गेल्यावर

वेढ्यात लढाईइतकीच बोलणी चालत. झुल्फिकारखान मनापासून लढत नाही, अशी कुजबुज मोगल छावणीतच होती. त्या छावणीत चाकरी करणाऱ्या भीमसेन सक्सेनाच्या लिखाणातही तो सूर आहे. वेढा चालू तोवर सरदारांचे पगार चालू. डिसेंबर १६९२ मध्ये संताजी-धनाजींनी बाहेरून असा मारा केला की मोगलांचे मोठे सरदार कैद झाले. शहजादा कामबक्ष मराठ्यांशी बोलणी करतो म्हणून मोगल सेनापतींनीच त्याला अटकेत टाकलं. १६९३ च्या सुरुवातीला उपाशी मोगल फौज वांदिवाशला मागे सरकली.

हा प्रल्हादपंतांच्या राजकारणाचा भर होता. १६९४ च्या सुमारास ते जिंजीतच वारले. घराकडे परतणं त्यांच्या नशिबी नव्हतं. त्यांच्यामागे जे घडलं त्यावरून त्यांची किंमत कळते. संताजी आणि धनाजी यांच्यातली तेढ वाढली. संताजी रणात अजिंक्य, दरबारात अवघड. १६९६ मध्ये त्यांचं सेनापतीपद गेलं आणि १६९७ मध्ये म्हसवडच्या नागोजी मान्याने त्यांना एकटं गाठून मारलं. जे सरकार माणसं सांभाळण्यावर उभं होतं, त्याला आपला सगळ्यात मोठा लढवय्या सांभाळता आला नाही. माझ्या मते चंदीच्या दरबाराचं हे सगळ्यात मोठं अपयश, जिंजी पडण्याहून मोठं.

जिंजी पडली १६९८ च्या सुरुवातीला. पण महाराज त्याआधीच निसटले होते. तेव्हा मोगलांच्या चाकरीत असलेल्या गणोजी शिर्क्यांनी वाट करून दिली आणि त्याच्या बदल्यात खंडो बल्लाळांनी आपलं दाभोळचं वतन त्यांना लिहून दिलं, असं सांगतात. शेवटचा व्यवहारही वतनाचाच. मोगलांनी किल्ल्याला नुसरतगड नाव दिलं. फेब्रुवारीत महाराज विशाळगडी पोचले. सातारा राजधानी झाली. दोन वर्षांनी, मार्च १७०० मध्ये, सिंहगडावर त्यांचा मृत्यू झाला. वय तीस. जिंजीत १६९६ ला जन्मलेल्या मुलाच्या नावाने त्यांच्या पत्नी ताराबाईंनी पुढची लढाई चालवली, हे सर्वांना माहीत आहे.

कमी लोकांना माहीत असतं ते असं: जिंजीत निघालेलं ते ‘प्रतिनिधी’ पद पुढे परशुराम त्र्यंबकांच्या घराण्यात आलं आणि औंध संस्थान होऊन १९४८ पर्यंत टिकलं. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी ते याच घराण्यातले. शंकराजी नारायण सचिवांचं घराणं म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं भोर. तिथल्या राजवाड्यात आता सिनेमांची शूटिंगं होतात. परमुलखात, वेढ्यात, बिनखजिन्याच्या दरबाराने वाटलेली पदं अडीचशे वर्षं चालली. आणि परगणा-कुलकर्णी वतनं कायद्याने खालसा झाली ती १९५० मध्ये. माझ्या आजोबांच्या हयातीत.

बासनातला कागद

जिंजीहून परत आलो तेव्हा आबांनी घरी बोलावलं. माळ्यावरून लाल फडक्यातलं बासन उतरवलं. “आमच्या वाडवडलांना छत्रपतींनी दिल्याली सनद हाय. मोडीत हाय, कुणाला वाचता येत न्हाई.” कडा वाळवीने खाल्लेल्या, घडीवर कागद फाटलेला. मी हळूच फोटो काढले आणि पुण्यात एका मोडीवाचकाला दाखवले.

ती सनद नव्हती. इंग्रजी अमदानीतली शेतसारा भरल्याची पावती होती. आबांना हे सांगायला मला दोन दिवस लागले. ऐकून म्हणाले, “मंजी सारा भरला हुता ना? बाकी न्हवती ना?” बाकी नव्हती. त्यांनी पावती पुन्हा फडक्यात बांधली.

तुमच्याही माळ्यावर, देव्हाऱ्यामागे, ट्रंकेच्या तळाशी असं बासन असेल. सनद निघेल की पावती, हे आधी कळत नाही, आणि पावतीतूनही गावाचा कारभार कळतो. तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत घालू नका. घडी मोडू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. पुण्यात सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, सरकारी पुराभिलेखागार आहे, मोडी वाचणारी तरुण पोरंही आता बरीच तयार झाली आहेत. त्यांना दाखवा. कागद तुमचाच राहील. वाचून झाल्यावर आम्हालाही एक ओळ कळवा.